ओझरचा डेपो : अकरा बीआरडीची पन्नास वर्षे

नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे निघालेल्या एसटीत कंडक्टरकडे ‘एक मिग’ मागणारे प्रवासी आजही भेटतात. एचएएलच्या मिग विमानांच्या कारखान्यामुळे त्या परिसराला हे नाव पडले आणि ते कायमचे चिकटले. (विघ्नहराचे ओझर ते जुन्नरकडचे. हे निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे, द्राक्षबागांमधले.) कारखाना एवढा मोठा आणि त्याची वसाहत एवढी ऐसपैस, की त्याच धावपट्टीच्या आधाराने उभी राहिलेली दुसरी संस्था, वायुसेनेचा बेस रिपेअर डेपो म्हणजेच बीआरडी, बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारतो, ‘एचएएलला ना तुम्ही?’ आणि डेपोतला माणूस ‘नाही हो, बीआरडीला’ म्हणून समजावत बसतो.

फरक मात्र मोठा आहे. कारखान्यात विमान तयार होते, त्याचे पहिले उड्डाण होते, मंत्री येतात, हारतुरे होतात. डेपोत येते ते वापरलेले विमान. ते उघडायचे, शेवटच्या कप्प्यापर्यंत तपासायचे, झिजलेले बदलायचे, पुन्हा जोडायचे आणि होते तसे परत पाठवायचे. काम उत्तम झाले तर स्क्वाड्रनमधल्या वैमानिकाला त्यात नवे काहीच जाणवत नाही. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना दाखवण्यासारखी ‘पहिली’ आणि ‘सर्वांत मोठी’ फार थोडी हाती लागतात. या डेपोचा खरा ऐवज दोन ठिकाणी आहे : कोणते काम कधी आणि कोणाकडून करून घ्यायचे याच्या आखणीत, आणि ते करणारी माणसे घडवण्यात. म्हणून या लेखात समारंभ कमी आणि नियोजनाचे फळे जास्त येतील.

ओझरला विमाने कशी आली, हे नाशिककरांना सांगायला नको. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मिग-२१ भारतात बनवण्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिगचे काम तीन ठिकाणी वाटले गेले. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. ज्या तालुक्यात तोवर यंत्र म्हणजे पाण्याचे इंजिन आणि उसाचा चरक, तिथली मुले फिटर, टर्नर, वेल्डर होण्यासाठी आयटीआयच्या रांगेत उभी राहू लागली. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, वायुसेनेने आपला अकरावा बेस रिपेअर डेपो ओझरलाच का काढला, याचे अर्धे उत्तर या रांगेत आहे. धावपट्टी होती, शेजारी कारखाना होता आणि हातात हत्यार धरलेली एक पिढी तयार होती.

उरलेले अर्धे उत्तर सुखोई-७ या विमानात आहे. १९६८ पासून हे विमान वायुसेनेत आले आणि १९७१ च्या युद्धात त्याच्या सहा स्क्वाड्रन लढल्या. पल्ला आखूड, उतरण्याचा वेग भयंकर, पण अंगाने दणकट. शेपटीवर क्षेपणास्त्र झेलून, चिंधड्या झालेल्या मागच्या भागासह तळावर परतलेल्या सुखोईचे छायाचित्र त्या युद्धाच्या पुस्तकांत हमखास सापडते. युद्धात एवढे राबवलेले विमान पुढची दहा-पंधरा वर्षे चालवायचे, तर त्याची मुळापासूनची तपासणी देशात व्हायला हवी होती. कारण दर वेळी यंत्र बोटीत घालून हजारो मैल दूर पाठवायचे म्हणजे ते यंत्र कित्येक महिने आपल्या हिशेबातून गेले. डेपोची सुरुवात झाली ती या सुखोई-७ पासून.

ओव्हरहॉल हा शब्द आपण स्कूटरसाठीही वापरतो, त्यामुळे त्याचा पसारा ध्यानात येत नाही. लढाऊ विमान डेपोत येते ते ठरलेले उड्डाणतास किंवा ठरलेली वर्षे, यांतले जे आधी भरेल तेव्हा. आल्यावर आधी कागद तपासतात. कोणता भाग कधी बदलला, कोणता किती तास चालला, कोणता स्नॅग म्हणजे बिघाड वारंवार निघाला. मग इंधन उपसतात. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेतली स्फोटक काडतुसे काढून घेतात, कारण त्याआधी कॉकपिटमध्ये कोणी पाय ठेवायचा नसतो. रंग उतरवतात. इंजिने, चाकांचे पाय, नियंत्रणाच्या पट्ट्या, पंप, मीटर, वायरिंग असे एकेक सुटे होऊन आपापल्या शॉपला जाते आणि हँगरमध्ये उरतो नागडा सांगाडा. त्याच्यावर रंगद्रव्य ओतून, क्ष-किरणांनी, ध्वनिलहरींनी, विद्युतप्रवाहाने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा शोधल्या जातात. पंखाच्या मुळाशी नखाएवढी चीर निघाली, तर ती कुठवर गेली आहे हे कळेपर्यंत विमानाच्या पुढच्या सगळ्या तारखा अधांतरी. नंतर जोडणी, पातळी आणि कोन जुळवणे, वजन, रंग, जमिनीवर इंजिन चालवून पाहणे आणि शेवटी चाचणी वैमानिकाचे उड्डाण. त्या उड्डाणात निघालेले स्नॅग काढून झाले की विमान सुपूर्द.

नेमके इथेच आखणी करणाऱ्याची कसोटी लागते. कारखान्यात पुढचे विमान मागच्यासारखेच असते, म्हणून दिवसांचा अंदाज बांधता येतो. डेपोत आलेली एकाच जातीची दोन विमाने आतून सारखी नसतात. एक जामनगरच्या खाऱ्या हवेत राहिलेले, एक राजस्थानच्या धुळीत. एकाच्या टाकीतले सील टणटणीत, दुसऱ्याचे हात लावला की गळून पडणारे. उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावर कळून उशीर झालेला असतो, कारण लागणारा भाग मागवायला दोन-दोन वर्षे जातात. त्यामुळे डेपोतले नियोजन ठोकताळ्यांवर चालते. काही भाग प्रत्येक विमानात बदलायचेच, ते आधीच मागवून ठेवायचे. काही दहातल्या दोन-तीन विमानांतच लागतात. ते किती ठेवायचे? कमी ठेवले तर हँगर अडतो, जास्त ठेवले तर रबराचे सील वापराआधीच गोदामात कालबाह्य होतात. हा हिशेब पुस्तकातून येत नाही. मागच्या पंचवीस विमानांत काय काय निघाले याच्या नोंदी कोणीतरी नीट ठेवल्या असतील, तरच येतो.

देखभालीच्या आखणीच्या या विषयाची शास्त्रशुद्ध सुरुवात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या कोस्टल कमांडमध्ये झाली आणि ती केली दोन आनुवंशशास्त्रज्ञांनी, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. सी. एच. वॉडिंग्टन आणि सेसिल गॉर्डन यांना जर्मन पाणबुड्यांच्या शोधात जाणाऱ्या विमानांचे उड्डाणतास वाढवायचे होते. नियम असा होता, की कोणत्याही क्षणी तीन चतुर्थांश विमाने उडण्याच्या स्थितीत असलीच पाहिजेत. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात त्याचा परिणाम असा, की विमाने ‘तयार’ म्हणून जमिनीवर उभी आणि मेकॅनिक हात बांधून बसलेले, कारण उडवले तर बिघडणार आणि बिघडले तर टक्केवारी घसरणार. गॉर्डनने हिशेब उलटा मांडला. मेकॅनिकच्या हाताला सतत काम राहील इतकी विमाने उडवा, टक्केवारी घसरली तरी चालेल. एका स्क्वाड्रनवर प्रयोग झाला आणि उड्डाणतास साठ टक्क्यांच्या आसपास वाढले.

वॉडिंग्टनचे दुसरे निरीक्षण त्याहून खोचक होते. दर पन्नास तासांच्या तपासणीनंतर विमानातले अनपेक्षित बिघाड कमी व्हायला हवेत. आलेख काढला तर तपासणीच्या लगेच नंतर ते सर्वांत जास्त आणि पुढे हळूहळू कमी. म्हणजे चांगले चाललेले यंत्र उघडण्यानेच बिघडत होते. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री सांगतो. वॉडिंग्टनने ते आकड्यांत मांडले. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी जो अहवाल लिहिला, त्याने हीच दिशा पुढे नेली. विमानाचे बहुतेक भाग वय झाले म्हणून बिघडत नाहीत, मग ठरलेल्या तासांना ते बदलण्याचा अट्टहास कशाला?

सोव्हिएत पद्धत या विचाराच्या दुसऱ्या टोकाला होती. प्रत्येक भागाला ठरलेले आयुष्य, ते भरले की तो काढायचाच. बाहेरून टीका करणाऱ्यांना ही उधळपट्टी वाटते आणि काही अंशी ती आहेही. पण हजारो भरती जवानांच्या हाती, बर्फात आणि चिखलात चालवायच्या सैन्यासाठी आखलेली ती पद्धत होती. तिला नवशिक्या मेकॅनिकच्या निर्णयबुद्धीवर विसंबायचे नव्हते. आपल्याकडे मात्र यंत्रे सोव्हिएत आणि हात अनुभवी, अशी जोडी जमली. वेळापत्रक परदेशी पुस्तकातले, पण हा भाग अजून चालेल की नाही हे सांगू शकणारी माणसे डेपोत वर्षानुवर्षे बसलेली. या दोहोंची सांगड घालत भागांचे आयुष्य अभ्यासपूर्वक वाढवून घेणे, हे पुढे वायुसेनेच्या तंत्रशाखेचे मोठेच काम होऊन बसले.

ही माणसे येतात कुठून?

वायुसेनेपुरते बोलायचे तर पहिली तुकडी १९३३ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने होती आणि ती सांभाळायला १९ ‘हवाई सिपाही’. त्यांतलाच एक हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजातून अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण सिपाही म्हणून भरती झाला, कारण तंत्रशाखेत भारतीयाला अधिकारी होण्याची वाटच नव्हती. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात लायसँडर या टेहळणीच्या विमानांवर बाँब बसवून ती लढाईत उतरवली गेली, त्यामागे या तंत्रज्ञांचे हात होते. पुढे हाच हवाई सिपाही एअर व्हाइस मार्शल झाला आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचा प्रमुखही. त्या कमांडचे मुख्यालय आज नागपूरच्या वायुसेनानगरात आहे आणि ओझरचा डेपो त्याच्याच हाताखाली येतो.

आजचा एअरमन आधी बेळगावजवळच्या सांबऱ्याला कवायत आणि शिस्त शिकतो. मग ट्रेडप्रमाणे कोणी चेन्नईजवळच्या तांबरमला, कोणी बंगळूरच्या जालहळ्ळीला तांत्रिक शिक्षणासाठी जातो. तंत्रशाखेच्या अधिकाऱ्यांचे कॉलेजही जालहळ्ळीलाच, १९४९ पासूनचे. डेपोतला सिव्हिलियन कारागीर वेगळ्या वाटेने येतो : आयटीआय, मग उमेदवारी, मग भरती. दोघेही डेपोत पोचतात तेव्हा त्यांच्या हाती प्रमाणपत्र असते आणि विमानाला हात लावायची परवानगी नसते.

परवानगी कशी मिळते, याचे एकच उदाहरण घेऊ. विमानातले बोल्ट कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून बारीक तार ओवून, पीळ देऊन, शेजारच्या बोल्टला बांधतात. लॉकिंग वायर. काम पाहिले तर शेवयांच्या पिळाएवढे किरकोळ. पण तार अशा बाजूने ओढलेली हवी, की बोल्ट सैल होऊ लागला तर ती त्याला घट्ट करण्याच्या दिशेने ताणली जावी. उलट बाजूने बांधली तर ती काहीच धरून ठेवत नाही आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. पीळ सैल असला की तार कंपनाने घासून तुटते, फार घट्ट असला की आधीच थकलेली असते. टोक वळवून आत दाबायचे, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. नव्या पोराला फळीवर ठोकलेल्या बोल्टांवर हे करायला बसवतात. तो बांधतो, उस्ताद पक्कड घेऊन काही न बोलता कापून टाकतो. पुन्हा बांध. संध्याकाळपर्यंत बोटांना चिरा आणि पायाशी तुकड्यांचा ढीग. हे असे काही दिवस चालते, मग एके दिवशी उस्ताद तार न कापता पुढच्या फळीकडे जातो. कागदावर ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहिले जाते ते फार नंतर.

मग सहीचा धडा. विमानाच्या कामाच्या कागदांवर, स्क्वाड्रनमध्ये ज्याला नुसते ‘सेव्हन हंड्रेड’ म्हणतात त्या फॉर्मपासून डेपोतल्या प्रत्येक जॉबकार्डापर्यंत, ज्याने काम केले त्याचीच सही लागते आणि ज्याने तपासले त्याची वेगळी. वैमानिकाच्या दांड्यापासून पंखाच्या पट्टीपर्यंतची नियंत्रणे जोडली, तर दुसऱ्या माणसाने ती स्वतंत्रपणे पुन्हा तपासायचीच. वरिष्ठाने घाई केली म्हणून न पाहिलेल्या कामावर सही करायची नाही, हे कॉर्पोरलला शिकवायला सहा महिने लागतात आणि अधिकाऱ्याला त्याहून जास्त. हत्यारांचेही तसेच. प्रत्येक पेटीत हत्याराच्या आकाराचा खाचा कोरलेला असतो, पाळी संपताना एक खाचा रिकामा दिसला की सगळ्यांचे घरी जाणे थांबते. आठ नंबरचा पाना हरवला म्हणून अख्खा हँगर रात्री टॉर्च घेऊन एका विमानाच्या पोटात वाकलेला असतो. कारण तो पाना नियंत्रणाच्या दांड्यात अडकला तर काय होईल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आखणी आणि शिक्षण ही दोन खाती कागदावर वेगळी असली, तरी डेपोत ती एकच ठरतात. नियोजनाच्या बोर्डावर एका चौकोनात ‘टाकी सील’ लिहिले, की त्या चौकोनाला माणूस लागतो. टाकीच्या तोंडातून खांद्यापर्यंत आत जाऊन, आरशात पाहत, जुने सील खरवडू शकणारा आणि त्या कामाची परवानगी असलेला. असे चौघेच असतील आणि दोन विमाने एकाच आठवड्यात त्या टप्प्याला पोचली, तर बाकी सगळी तयारी असून एक विमान थांबते. बाहेरून पाहणारा म्हणतो स्पेअर नसतील. पुष्कळदा नसतो तो पाचवा माणूस. म्हणून चांगला नियोजन अधिकारी आज ओव्हरहॉलच्या तारखा लावताना दोन वर्षांनंतरच्या निवृत्तीच्या यादीकडेही पाहतो आणि टाकीवाल्याच्या हाताखाली आत्ताच पोर बसवतो.

यात वायुसैनिक आणि सिव्हिलियन यांची जोडी डेपोला फार उपयोगी पडली. एअरमन आणि अधिकारी दर काही वर्षांनी बदलून जातात. ते स्क्वाड्रनमधून येतात, त्यामुळे विमान वापरात कुठे दुखते हे त्यांना माहीत असते. सिव्हिलियन कारागीर ओझरलाच राहतो, निफाड-दिंडोरीत घर बांधतो आणि तीस-पस्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त होतो. एक बाहेरची बातमी आणतो, दुसरा आतली आठवण ठेवतो. कधी कुरबुरी होतात, गणवेशाचा आणि बिनगणवेशाचा मानापमान निघतो, हे खोटे नाही. पण नुसत्या बदलीवाल्यांचा डेपो दर पाच वर्षांनी पहिलीत बसला असता.

याची खरी परीक्षा विमानांची जात बदलते तेव्हा होते. सुखोई-७ नंतर मिग-२३ आले. हवाई संरक्षणाचे ‘रक्षक’ आणि जमिनीवर मारा करणारे ‘विजय’. या विमानाचे पंख उडताना मागे-पुढे होत : १६, ४५ आणि ७२ अंश अशा तीन ठरलेल्या जागा. म्हणजे अख्ख्या पंखाचा भार एका बिजागरीवर, आणि ती बिजागरी, तिला हलवणारी द्रवदाबाची यंत्रणा, दोन्ही पंख एकाच वेळी सारखे हलतील याची जुळणी, हे सगळे नव्याने शिकायचे. सुखोई-७ वर वाढलेल्या माणसांचे जुने ज्ञान त्यात किती उपयोगी? यंत्राचे थोडे, सवयीचे सगळे. चीर कुठे शोधायची हे नवे होते. चीर असणारच असे धरून शोधायचे, हे जुने.

१९९१ ला सोव्हिएत संघच उरला नाही. एका देशाच्या एका खात्याकडे मागणी पाठवायची सवय असलेल्यांना अचानक कळले, की हा पंप आता एका देशात बनतो, त्याचा झडपेचा भाग दुसऱ्या देशात, आणि दोघांचे आपसात बोलणे नाही. किमती बदलल्या, मुदती लांबल्या. संपूर्ण वायुसेनेलाच तेव्हा सुटे भाग देशात बनवून घेण्याकडे नेटाने वळावे लागले. डेपोंमधून नमुने बाहेर पडले, छोट्या कारखानदारांकडे गेले, नापास झाले, पुन्हा गेले. रबरी सील, होज, गाळण्या, फास्टनर अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंपासून हे काम सुरू झाले आणि तेच शहाणपणाचे होते, कारण हँगर अडतो तो बहुतेक वेळा अशाच वस्तूंवर.

मिग-२९ म्हणजे ‘बाज’ १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगावला दाखल झाले होते. सोव्हिएत गटाबाहेर ते पहिल्यांदा घेणारा देश भारत. त्याचे ओव्हरहॉल ओझरला होऊ लागले आणि २००८ मध्ये त्याच्या आधुनिकीकरणाचा करार झाला तेव्हा ठरले, की सुरुवातीची काही विमाने रशियात होतील, बाकीची ओझरला. मला डेपोच्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत अवघड टप्पा वाटतो. ओव्हरहॉलमध्ये विमान होते तसे करायचे असते. इथे ते होते त्याहून वेगळे करायचे होते. नवे रडार, नवे कॉकपिट, पाठीवर जादा इंधनाची टाकी आणि सांगाड्याचे आयुष्य २५ वरून ४० वर्षांवर न्यायचे. जुन्या वायरिंगच्या जाळ्यात नवे जाळे घालताना प्रत्येक विमान थोडे वेगळे निघते. आखणीवाल्याला ओव्हरहॉलचा ठोकताळा अर्धाच उपयोगी पडतो. त्या हँगरमध्ये ज्यांनी ते पार पाडले, त्यांचे पुरेसे कौतुक झाले नाही असे माझे मत आहे.

त्यानंतर सुखोई-३० एमकेआय. २००२ मध्ये हे विमान वायुसेनेत आले, तेही लोहगावलाच. २००४ पासून ते शेजारच्या कारखान्यात बनू लागले. दोन इंजिने, त्यांची वळणारी तोंडे, दोन आसने, आणि उपकरणे रशियन, फ्रेंच, इस्रायली, भारतीय अशी चार घरची. हँगर, जॅक, चाचणीचे बाक, सगळेच नव्या मापाने उभारावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये डेपोत ओव्हरहॉल झालेल्या पहिल्या सुखोई-३० ने उड्डाण केले आणि त्याच वर्षी ते दक्षिण-पश्चिम कमांडकडे सुपूर्द झाले. सुखोई-७ पासून सुरू झालेला डेपो पुन्हा सुखोईवर आला, पण मधल्या काळात कागदी जॉबकार्डांच्या जोडीला संगणक आला होता. सामानाचा हिशेब आणि देखभालीच्या नोंदी आता संपूर्ण वायुसेनेच्या संगणक प्रणालींत जातात. कोणता पंप कोणत्या तळावर किती तास चालला, हे ओझरला बसून दिसते. तरुण अधिकाऱ्यांना यात सगळेच उत्तर दिसते. जुन्या लोकांचे म्हणणे एवढेच, की पडद्यावरची नोंद आधी कोणीतरी खरी भरलेली असावी लागते.

८ मार्च २०२४ रोजी हिंडन तळावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी डेपोला ‘प्रेसिडेंट्स कलर्स’ हे सन्मानाचे निशाण प्रदान केले. दुरुस्तीचे काम करणाऱ्या संस्थेला असा मान मिळणे दुर्मीळ, आणि ओझर-निफाडच्या घराघरांत त्या दिवशी टीव्ही लावून लोक बसले असतील तर नवल नाही. त्याच संचलनात २२१ स्क्वाड्रनलाही ‘स्टँडर्ड’ मिळाले. वर्तमानपत्रांनी ही दोन नावे एका यादीत छापली आणि पुढे गेली. डेपोतल्या जुन्या माणसांना मात्र त्यातला योग लगेच कळला असणार. २२१ ने १९६८ पासून सुखोई-७ उडवले, मग २००९ पर्यंत मिग-२३, आणि आता हलवाऱ्याहून ती सुखोई-३० उडवते. ही तिन्ही विमाने ओझरच्या बोर्डावर एकामागून एक येऊन गेलेली. हिंडनला निशाण फडकत होते तेव्हाही तिच्या विमानांचे तास भरतच होते, आणि ते भरले की त्यांना इकडे ओझरलाच यायचे आहे, डेपोत किंवा शेजारी कारखान्यात. त्या तारखांसाठी टाकीवाल्याच्या हाताखाली बसलेल्या पोराची तार सध्या रोज कापली जात असेल.